घाट रिकामा आहे

आमच्या गावच्या नदीघाटावर पुरुषांचा एक नियम आहे. पोहायला उतरताना ज्याने त्याने आपले कपडे वरून तिसऱ्या पायरीवर ठेवायचे, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवायचा, आणि दुसऱ्याच्या कपड्यांना कुणी हात लावायचा नाही. जो शेवटी पाण्याबाहेर येईल त्याने पायरी बघायची. कुणाचेही कपडे तिथं उरले असतील तर त्याने घरी जायचं नाही. मग दूध घालायला उशीर होवो, नाहीतर शाळेची घंटा होवो. कपडे आहेत म्हणजे माणूस पाण्यात आहे. पायरी मोकळी म्हणजे नदी मोकळी. हा नियम कुठं लिहिलेला नाही, पण गावात जे लिहून ठेवलंय त्यापेक्षा हा जास्त पाळला जातो.

मला तो फार आवडायचा. पुण्याहून पाहुणे आले की मी त्यांना मुद्दाम घाटावर नेऊन ती पायरी दाखवायची, आणि आपल्याकडं माणसाला माणसाची काळजी कशी आहे यावर छोटंसं भाषणही द्यायची. आता ती पायरी मी कुणाला दाखवत नाही. कारण त्या सकाळी नियम अगदी काटेकोर पाळला गेला होता, आणि तरी माझी जाऊ नदीत राहिली होती.

आम्ही पुणं सोडून इथं आलो तेव्हा सोसायटीतल्या लोकांनी आमचा हेवा केला. पलूसजवळचं नवऱ्याचं गाव, दोन गल्ल्या ओलांडल्या की नदी, मागे ऊस, नवऱ्याचं काम घरून आणि मला पलूसला कॉलेजात शिकवायची नोकरी. ‘तुमच्याकडची हवा काय छान असेल,’ असं अजून फोनवर म्हणतात. मी फेब्रुवारीपर्यंत हो म्हणते. पुढे या म्हणावं, आणि बघा. एप्रिलात सकाळी नऊनंतर अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूंच्या चिंचा आणि कडुलिंब गेले, आणि त्यांच्याबरोबर सावली गेली. पाऊस हवा तेव्हा येत नाही, नको तेव्हा येऊन उभा ऊस आडवा करून जातो.

गावात मोकळ्या हवेत फिरायची जागा हा तर विनोदच आहे. शाळेच्या मागे व्यायामाची लोखंडी यंत्रं बसवली आहेत. त्यांच्यावर लोक गोधड्या वाळत घालतात आणि एका यंत्राला कायम एक म्हैस बांधलेली असते. तिची तब्येत उत्तम आहे. हमरस्त्याने चालायला जावं तर उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत अंगावर येतात. पुरुषांना तालीम आहे, मैदान आहे, पार आहे, चहाची टपरी आहे. बाईमाणूस संध्याकाळी नुसतं चालायला निघालं तर वाटेत चौघीजणी थांबवून विचारतात, कुठं निघालीस, घरात काय झालं का? तेव्हा आमच्यासाठी राहिली ती नदी.

नदीचंही उगाच कौतुक करणार नाही. उन्हाळ्यात ती आटते, जलपर्णी दाटते, आणि एखाद्या सकाळी मेलेले मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागलेले असतात. पण दसऱ्यानंतर गाळ खाली बसला की होळीपर्यंत तिचं पाणी अंगावर घ्यावंसं वाटतं. तेवढे महिने हे गाव राहण्यासारखं आहे असं मी शपथेवर सांगेन.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना मी आक्का म्हणते, आणि अगंतुगं करते. हे तिनंच ठरवलं होतं. तिचं माहेर जतच्या पलीकडे, जिथं माणसं वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवतात. तिच्या लहानपणी तिथं पाणी टँकरनं यायचं. लग्न होऊन ती नदीकाठी आली, सगळा संसार नदीवर धुणी धुण्यात गेला, पण गुडघ्याच्या वर तिनं पाणी लागू दिलं नाही. एवढं पाणी एका जागी असणं हीच तिच्या दृष्टीनं मुळात उधळपट्टी होती.

पुढे गुडघ्यांनीच घात केला. सांगलीच्या डॉक्टरांनी चाला नाहीतर पोहा असं सांगितलं. चालणं जमत नव्हतं आणि पोहण्याचं ते सहज बोलून गेले असणार. नऊवारीतून सहावारीत आलेली बाई खरंच पोहायला जाईल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. मी पुण्यात तरणतलावावर शिकले होते. मी म्हटलं, चल, मी शिकवते. आक्का ते ऐकून दोन दिवस हसत होती. मग एका सकाळी माझी जुनी सलवार-कमीज घालून, पिवळी ओढणी कमरेला आवळून ती मागच्या दारात उभी राहिली. हसत नव्हती.

सुरुवातीला मी तिला फक्त उताणं पडायला शिकवलं. तिचं डोकं माझ्या तळहातावर, डोळे गच्च मिटलेले, आणि भीती घालवायला तोंडानं कानडीत मोजणं चालू: ओंदु, एरडु, मूरु. एके दिवशी मी हळूच हात काढून घेतला. ती मोजतच राहिली. हात नाही हे कळलं तशी बुडाली, खोकत वर आली, मला दोन खणखणीत शिव्या दिल्या आणि म्हणाली, परत. त्या हिवाळ्यात ती पोहायला शिकली. दुसऱ्या वर्षी माझ्यापुढे जायला लागली. नदीच्या मध्यात एक काळा खडक पाण्याबाहेर डोकं काढून असतो. त्याला हात लावून यायचं हे तिचं रोजचं काम झालं. गुडघ्यांचं दुखणं कमी झालं हे खरं, पण ती त्यासाठी येत नव्हती. एकदा ओल्या अंगानं घरी परतताना म्हणाली, ‘पान्यात माझं वजनच ऱ्हात न्हाई बग. माझं न्हाई आन् घराचंबी न्हाई.’

आम्ही उतरायचो ती धुण्याची जागा. पुरुषांच्या घाटापासून जरा वरच्या अंगाला, मध्ये बाभळींची दाटी. वेळ मात्र त्यांचीच निवडली होती, कारण एकट्यादुकट्या बायकांनी सुनसान काठावर जाणं बरं नव्हे. आम्ही यायला लागलो तेव्हा पुरुषांत थोडी कुजबुज झाली. घाटावरचे सगळ्यांत ज्येष्ठ पोहणारे म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार. वयाची सत्तरी ओलांडली तरी रोज नदी आरपार करतात, आणि शेवटी पायरी बघायचं काम तेच करतात. त्यांनी एका वाक्यात निकाल दिला: लेकीसुना आहेत, तिकडं कुणी बघायचं नाही. आणि खरंच कुणी बघितलं नाही. तालमीतली दांडगी पोरंसुद्धा आमच्या बाजूला येताना मान वळवून पैलतीराकडे बघत पोहायची. पुण्याच्या तलावावर ज्या नजरा सोसल्या होत्या त्यांच्यापुढे मला हे गाव म्हणजे स्वर्ग वाटायचं.

आम्ही कपडे काढून ठेवायचा प्रश्नच नव्हता. घरून अंगावर घालून यायचो त्याच कपड्यांत उतरायचो, आणि वरून चादर गुंडाळून ओलेत्यानंच परत जायचो. फोन घरी. चपला महादेवाच्या देवळापाशी, इतर शंभर चपलांत. म्हणजे पुरुषांनी आमच्याकडे बघायचं नाही, आणि पाण्यात कोण आहे ते कपड्यांवरून ठरवायचं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्यातलं भगदाड कुणालाही दिसेल. आम्हाला कुणालाच ते दिसलं नाही, आणि सुभेदारांनाही नाही.

त्या वर्षी दिवाळी तोंडावर आली होती. नवरात्रातले घट उठले की नदीची भीती संपली, असा इथल्या जुन्या माणसांचा हिशेब. तो हिशेब आता चालत नाही हे सगळ्यांना कळतं, पण वळत नाही. आदल्या संध्याकाळी कोयनानगरहून माझ्या मावसबहिणीचा फोन आला होता. तिकडं घाटात दोन दिवस धो धो पाऊस, लाईट नाही, रस्त्यावर दरड. मी अंगणात उभी राहून ऐकत होते आणि समोर आमचं सोयाबीन कडक उन्हात वाळत पडलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. तिची काळजी वाटली, पण तिकडचं पाणी शेवटी आमच्याच दारावरून जाणार हे त्या उन्हात डोक्यात आलंच नाही.

सकाळी पाणी नेहमीपेक्षा गार लागलं. रंगही किंचित तांबूस होता. आक्का नेहमीसारखी पुढे गेली. मी चार हात मारले असतील, तोच पायाला काच लागली. आपली माणसं बाटल्या फोडायला नदीचाच काठ शोधतात, त्यांच्या नावानं बोटं मोडत मी बाहेर आले आणि धुण्याच्या दगडावर अंगठा दाबून बसले. रक्त थांबत नव्हतं, म्हणून माझं लक्ष पायाकडे होतं. थोड्या वेळानं जाणवलं की मी बसले होते तो दगड ओला झालाय. येताना तो कोरडा ठणठणीत होता.

त्याच वेळी बाभळींपलीकडे पुरुषांच्या घाटावर एकाचा फोन वाजला, लगेच दुसऱ्याचा. मग सगळे एकदम मोठ्यानं बोलायला लागले. वरून धरणाचं पाणी सोडलंय, नदी फुगणार, मोटारी काढा. नदीकाठच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. उसाला पाणी उपसायच्या मोटारी खाली काठावर बसवलेल्या असतात. पाणी चढायला लागलं की पहिली धाव मोटारीकडे. ती बुडाली की उभं पीक वाळतं. धपाधप माणसं बाहेर आली. त्या गडबडीतही सुभेदारांचा आवाज आला, फौजेतला: ‘थांबा रं. पायरी बघू द्या.’ पायऱ्यांवर पावलं वाजली. मग ते म्हणाले, ‘घाट रिकामा हाय. चला.’

मी उठून ओरडायला हवं होतं, आम्ही आहोत म्हणून. पण माझी नजर तेव्हा खडकावर होती. आक्का तिथं पोचली होती आणि रोजच्यासारखी बसून दम खात होती. रोज ती बसली की खडक तिच्याभोवती सुपाएवढा दिसायचा. आज तो ताटाएवढा होता. मी हात हलवला, परत ये, परत ये. तिला वाटलं मी निघायची घाई करतेय. सावकाश ओढणी आवळून ती पाण्यात उतरली.

ती हात मारत होती, चांगले मारत होती. पण तिच्यामागच्या पैलतीरावरच्या बाभळी सरकत होत्या. ती माझ्याकडे येत नव्हती, बाजूला चालली होती. पाण्यावर काटक्या, फेस, कुठल्यातरी गोठ्यातला कडबा झपाझप यायला लागला. मग तिलाही ते कळलं. तिनं माझ्या दिशेनं जिवाच्या आकांतानं हात मारायला सुरुवात केली, आणि जितकी ती झगडायला लागली तितकं तिचं डोकं खाली जायला लागलं.

मी बाभळींच्या काट्यांतून पुरुषांच्या घाटावर धावले. तिसरी पायरी स्वच्छ. ओल्या पावलांचे ठसे होते, एक साबणाची वडी होती आणि माणूस एकही नव्हता. एव्हाना देवळातला भोंगा जोरात लागला होता. मी ओरडले, पुन्हा ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. आक्का घाटासमोरून जात होती, माझ्यापासून दूर, मधल्या धारेत. मी उडी टाकली असती तर दोघी गेलो असतो हे मला ठाऊक होतं. तरी पाय पाण्याकडेच ओढत होते. नदीत काय करायचं असतं हे मला येत नव्हतं. तलावात धार नसते. मला जे येत होतं तेवढंच मी बेंबीच्या देठापासून ओरडले: ‘उताणी पड, आक्का! उताणी!’

ऐकू गेलं की तिलाच सुचलं ते ती अजून सांगू शकत नाही. पण ती वळली. तोंड वर, हात पसरलेले, पिवळी ओढणी बाजूला तरंगत. तशीच ती वळणाकडे गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

मोटारी वळणाच्या खाली होत्या, आणि नदी तिथं मोठा वळसा घेऊन पोचते. काठानं वाट नाही, मळीतल्या, म्हणजे काठच्या गाळाच्या रानातल्या, उसातून आडवं जावं लागतं. मी उसात शिरले. त्या उसातून नदी दिसत नाही. फक्त सरी, पाला, आणि पाल्याची धार तोंडावर, हातांवर. मागे काय चाललंय ते कळत नव्हतं, पुढे काय दिसणार ते कळत नव्हतं. अंगठ्यातलं रक्त चिखलात मिसळत होतं आणि मी पळता पळता मोठमोठ्यानं देवाला नाही, आक्कालाच बजावत होते की हलू नकोस, तशीच पडून रहा. एवढी भीती मला कधीच वाटली नाही, ना त्याआधी, ना नंतर.

उसाबाहेर पडले तेव्हा आमच्या मोटारीपाशी सात-आठ माणसं दोराला लागली होती. मोटारीच्या सगळ्यांत जवळ माझे थोरले दीर, आक्काचे यजमान. मोटार निम्मी वर आली होती, दोर ताणलेला, सगळ्यांच्या पाठी नदीकडे. मी ओरडले, ‘भाऊजी, आक्का नदीत आहे!’

त्यांनी दोर सोडला नाही. मान वळवून म्हणाले, ‘घाट रिकामा हाय. सुबेदार सोता बगून आलं.’

मी नदीकडे बोट दाखवलं. बोलायला दम नव्हता. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं: ओली, रक्तानं भरलेली, चिखलानं माखलेली, आणि एकटी. आम्ही दोघी रोज बरोबर जातो हे त्यांना माहीत होतं. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला.

बाजूला कोयता पडला होता. त्यांनी तो उचलला आणि एका घावात दोर तोडला. मोटार दगडांवर आपटत खाली गेली आणि पाण्यात गडप झाली. मागची माणसं कोलमडून पडली. कुणीतरी ‘आवं’ एवढंच म्हणालं. भाऊजींनी दोराला डिझेलचा रिकामा कॅन बांधला आणि ते कमरेएवढ्या पाण्यात शिरले. बाकीच्यांनी एकमेकांचे हात धरून मागे साखळी केली, त्यांचा सदरा मुठीत पकडला.

वळणावर पहिल्यांदा पिवळं काहीतरी दिसलं. मग तिचं नाक, कपाळ. ती तशीच उताणी होती, डोळे मिटलेले, आणि ओठ हलत होते. भाऊजींनी कॅन फेकला. तो तिच्या मागे पडला. तिनं डोळे उघडले नाहीत, तिला कळलंच नाही. दोर ओढून परत फेकायला वेळ होता की नव्हता कुणास ठाऊक. भाऊजी ओरडले, ‘अगं ए! ए! हिकडं!’ उभ्या जन्मात त्यांनी तिला दुसऱ्या कुठल्या शब्दानं हाक मारलेली नव्हती, आणि ती त्या हाकेला ओ द्यायला एवढी सरावली होती की त्या पाण्यातसुद्धा तिचं डोकं वळलं. दुसऱ्यांदा कॅन तिच्या खांद्याशी पडला. तिनं तो छातीशी धरला.

तिला वर आणलं तेव्हा ती चिखलात बसून पाणी ओकत होती. मी तिच्या पाठीला हात लावून बसले होते आणि माझेच दात वाजत होते. श्वास जरा जाग्यावर आल्यावर तिनं आजूबाजूला बघितलं, तुटलेला दोर बघितला आणि विचारलं, ‘मोटार कुटं गेली?’ भाऊजी तिथंच खाली बसले, गुडघ्यांत डोकं घातलं आणि सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले.

मोटारीची चौकशी गावात चार दिवस चालली. येणारा प्रत्येक जण आधी मोटार किती जुनी होती ते विचारायचा, मग आक्काची तब्येत. पण त्या दिवशी संध्याकाळी आमच्या सोप्यात जी बैठक बसली ती मोटारीची नव्हती. सुभेदार आले होते, घाटावरचे आणखी तीन-चार जण होते. म्हाताऱ्यानं बशीत ओतलेला चहा तसाच निवत ठेवला होता. आयुष्यभर गिनती केल्याशिवाय आपण जागा सोडली नाही, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्यांची दया येत होती आणि रागही येत होता. शेवटी त्यांनी सांगितलं ते असं, की झालं ते झालं, उद्यापासून बायकांनी नदीत उतरायचं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्यानंसुद्धा, पुण्यात शिकलेल्या, नदी तशीही दूषित आहे, सांगलीला तलाव आहे, असं काहीतरी समजुतीचं बोलायला सुरुवात केली. सांगलीला रोज पहाटे आक्काला कोण नेणार होतं? मी माझ्या स्वभावाप्रमाणे तोंड सोडलं. पुरुष बुडाले तेव्हा पुरुषांची नदी बंद केली होती का, असं विचारलं. त्याचा उपयोग एवढाच झाला की ‘धाकटी फार बोलते’ या माझ्या लौकिकात भर पडली. भाऊजी खांबाला टेकून बसले होते. आणि आत चुलीपाशी शेकत बसलेली आक्का सगळं ऐकत होती. तिची नदी जाणार हे दोन मिनिटांत ठरलंच होतं.

ती बाहेर आली. अंगात भाऊजींचा स्वेटर, डोक्यावर पदर. पुरुषांच्या बैठकीत ती कधी बोलत नाही. ती सुभेदारांसमोर उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, ‘आवं मामा, तुमी कपडी मोजलीसा. मानसं न्हाई मोजली.’

सुभेदारांनी वर बघितलं. ते म्हणाले, ‘पोरी, तुमच्याकडं बगायचं न्हाई असं मीच ठरवलं हुतं.’

‘व्हय,’ आक्का म्हणाली. ‘त्येच म्हंते मी.’ आणि कपबश्या गोळा करून आत गेली. बैठक उठली, पण बंदी उठली असं कुणी म्हणालं नाही.

नदी दिवाळी संपेपर्यंत लाल होती. मग उतरली, निवळली. आक्का नदीचं नावही काढत नव्हती. गुडघा पुन्हा दुखायला लागला होता, जिना चढताना ती कठड्याला धरायची. मीही विषय काढत नव्हते, कारण मला भीती बसली होती. कॉलेजात शिकवताना मध्येच ती पिवळी ओढणी वळणाआड जाताना दिसायची आणि पुढचं वाक्य विसरायचं. आक्कानं पुन्हा विचारू नये असं मला मनापासून वाटत होतं.

आणि एका सकाळी ती मागच्या दारात उभी होती, सलवार-कमीज घालून. मी म्हटलं, थंडी आहे. मी म्हटलं, माझा अंगठा अजून भरला नाही. मी म्हटलं, पेपर तपासायचेत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तू काठावर बस, मी जाते. एकटीला सोडणं शक्य नव्हतं. भाऊजी अंगणात दात घासत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं, चूळ भरली आणि म्हणाले, ‘लवकर या.’

मला वाटलं आपण बाभळींमागे जाणार. आक्का सरळ पुरुषांच्या घाटावर गेली आणि वरच्या पायरीवर उभी राहिली. खाली तिसऱ्या पायरीवर कपड्यांचे तेरा ढीग होते, पाण्यात डोकी दिसत होती. तिला बघून सगळे जागच्या जागी थांबले. सुभेदार छातीएवढ्या पाण्यात उभे होते. त्यांनी सवयीनं मान वळवली.

‘मामा,’ आक्का म्हणाली, ‘आज आमी दोगी पान्यात हाय.’ आणि मग तिनं आपलं नाव सांगितलं. सासरचं नव्हे, नवऱ्याचंही नव्हे. स्वतःचं, आईबापांनी ठेवलेलं, मोठ्यानं, हाकेला उत्तर द्यावं तसं. ते मी आजवर फक्त रेशनकार्डावर वाचलं होतं. त्या घाटावर तर ते कुणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

सुभेदारांची मान पैलतीराकडेच होती. त्यांनी पायरीवरचे कपडे आधीच मोजलेले असणार, कारण त्यांना आकडा शोधावा लागला नाही.

‘चौदा,’ ते म्हणाले. आणि पुढे गेले नाहीत. थांबले.

आक्का माझ्याकडे बघत होती. पाणी खाली शांत दिसत होतं, तसंच ते त्याही सकाळी दिसत होतं. मी माझं नाव सांगितलं. वर्गात रोज तासन्‌तास बोलणारी मी, पण ते पाण्यापर्यंत पोचलंच नाही, म्हणून परत सांगितलं.

‘पंधरा,’ सुभेदार म्हणाले.

मग आम्ही पाण्यात उतरलो.